थोरली अजून यायची होती

बर्फ किती दिवसांपासून पडतंय हे मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. सकाळी उठायचं, शिडीने वर जायचं, धाब्यावरचं बर्फ लाकडी फावड्याने लोटायचं, खाली येऊन हात शेगडीवर धरायचे आणि बोटांत जीव आला की पुन्हा वर जायचं. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, बर्फ साचू दिलं तर तुळई वाकते. लोटलेल्या बर्फाचे ढीग भिंतीला लागून इतके उंच झाले होते की शेवटी शेवटी बर्फ खाली ढकलायच्या ऐवजी वर उचलून टाकावं लागत होतं.

"घर खाली चाललंय की बर्फ वर येतंय, काही कळत नाही," फुनचोग म्हणाला. फुनचोग म्हणजे माझा नवरा. बटाट्याचं पोतं उतरवताना त्याचा गुडघा गेला, तेव्हापासून तो धाब्यावर बसूनच फावडं मारतो.

"काही का असेना, मारत राहा," मी म्हटलं.

"मारतोच आहे. जन्मभर दुसरं काय केलं?"

त्या हिवाळ्यात दिव्याची पाळी आमच्या घराकडे होती. आमचा गोंपा, म्हणजे मठ, गावात नाही. रुंद घळीपलीकडे, उतारावरच्या खडकाला चिकटून आहे. लामा थंडीत खाली कुल्लूकडे उतरतात. त्यांच्यामागे गोंपातला लोण्याचा दिवा हिवाळाभर जळता ठेवायचा आणि ते काम एकेका हिवाळ्याला एकेका घराने करायचं, ही शकलिंग गावाची रीत. ज्या घराची पाळी, त्या घराकडे किल्ली. लोखंडी, वीतभर लांब. मी ती कमरपट्ट्यात खोचून ठेवायची. निजतानासुद्धा काढत नसे, आणि कूस बदलली की ती बरगडीला टोचून आपण आहोत हे सांगायची.

मी एक नियम धरला होता. सकाळी दिव्यासाठी लोण्याचा गोळा काढून ठेवल्याशिवाय तोंडात घोटभर चहाही घालायचा नाही. एरवी तो गोळा घेऊन मी उजाडायच्या आत घळ ओलांडून जाई आणि ऊन वर यायच्या आत परत येई. आभाळ बिघडायची चिन्हं दिसली तेव्हा मी मोठा दिवा काठोकाठ भरून आले. मोठा दिवा परातीएवढा आहे, वादळ सरेपर्यंत पुरेल असं वाटलं होतं. वादळ सरलं नाही. फळीवर रोजचे गोळे एकाशेजारी एक बसत गेले. फुनचोग त्यांच्याकडे बघून म्हणाला, "कोंबडी अंडी घालते तसं चाललंय तुझं."

वादळात घळ ओलांडायची नाही, हेही रीतीतच आहे. निदान थोरली येऊन जाईपर्यंत नाही.

आमच्याकडे दोन घळी आहेत आणि दोन्हींतून हिवाळ्यात बर्फाचा लोट उतरतो. गावामागे वळणापलीकडे अरुंद घळ आहे, तिच्यातून येते ती धाकटी. धाकटी चंचल, मनात येईल तेव्हा येते. तिच्या वाटेत दगडांशिवाय काही नाही, म्हणून तिचं कुणी मनावर घेत नाही. गोंपाच्या वाटेवरची रुंद घळ थोरलीची. ती हिवाळ्यातून एकदाच येते, पण आली की वरचा सगळा डोंगर रिकामा करून येते. ती येऊन गेली की घळीतलं बर्फ दगडासारखं घट्ट होतं, त्यावरून गाढव नेलं तरी चालतं. म्हणून ती आली की आम्हाला हायसं वाटतं. जो पहिल्यांदा ऐकेल त्याने धाब्यावर चढून हाक द्यायची. मग प्रत्येक घराने मूठभर सातूचं पीठ घळीच्या दिशेने उधळायचं आणि म्हणायचं, आलीस, बरं झालं, आता पुढच्या वर्षी. पीठ उधळलं की वाट मोकळी झाली असं समजायचं.

त्या सकाळी चहा उकळत होता. आधी शेगडीवरचं झाकण थरथरलं, मग फळीवरच्या वाट्या वाजल्या, आणि मग तो आवाज आला. दूर कुठेतरी कुणी डोंगराएवढं जातं ओढत नेतंय, तसा. बराच वेळ चालला आणि थांबला. शेजारच्या धाब्यावरून अंगरूपची हाक आली.

"आली. थोरली आली."

अंगरूप म्हणजे माझ्या नणंदेचा, छोडोनचा नवरा. मला तो अचे म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. त्याचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. त्याची आई झंगमो, सगळ्या गावाची अबी म्हणजे आजी, सुगीपासून अंथरुणाला खिळली होती. वय झालं होतं, दुसरं काही नाही. पण जुनी माणसं म्हणत आली आहेत की गोंपातला दिवा ज्या हिवाळ्यात विझतो त्या हिवाळ्यात गावातलं एक माणूस जातं. अंगरूपचा या बोलण्यावर किती विश्वास होता मला माहीत नाही. पण आई निजलेली असताना कोण विश्वासाची परीक्षा बघत बसतं? दिव्यातलं लोणी आता तळाला गेलं असणार, हा हिशेब मी करत होते तसा तोही भिंतीपलीकडे करत होता.

सगळी घरं धाब्यावर आली. समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं, शेजारचं धाबंसुद्धा आवाजावरूनच ओळखायचं. पीठ उधळलं तर वाऱ्याने ते परत आमच्याच तोंडावर आणून टाकलं. छोडोन डोळे पुसत म्हणाली, "घ्या. थोरलीला नको झालं, आपणच खा."

मी गोळे कापडात बांधले, काठी घेतली आणि निघाले.

"धुकं उतरू दे थोडं," फुनचोग म्हणाला.

"लोणी संपत आलं असेल."

"आज ना उद्या सगळ्यांचंच संपायचंय," तो म्हणाला. पण शिडीखाली येऊन माझ्या पायांना पट्ट्या त्यानेच बांधल्या.

घळीपर्यंतची वाट एरवी पोळी भाजून होईल एवढ्यात संपते. त्या दिवशी मी एक पाय काढायचा, तो रोवायचा, मग दुसरा काढायचा, अशी चालले. मंत्राची माळ हातात होती, पण मणी पुढे ओढायचं भान राहत नव्हतं. एकच मणी बोटात धरून चालले होते. घळीच्या काठावर मणी-दगडांची, मंत्र कोरलेल्या दगडांची रास आहे. तिच्यावरचे झेंडे बर्फातून टोकापुरते दिसत होते, म्हणजे मी काठावर पोचले होते. पुढे वाट नेहमी उतरते. मी काठी पुढे टेकवली.

काठी गेली. टेकली नाही, गेलीच. मूठ बर्फाला लागेपर्यंत आत गेली आणि कशालाही लागली नाही. मी ती ओढून काढली आणि जरा बाजूला रोवली. तिथेही तेच. पिठाच्या पिंपात हात घालावा तशी. थोरली येऊन गेली असती तर काठी ठणकन वाजली असती. गाईएवढाली ढेकळं असतात घळीत, उपटलेली झुडपं असतात, दगड असतात. इथे काही नव्हतं. मी अर्धं पाऊल पुढे टाकलं तेव्हा पायाखालचं सगळं बर्फ एकदम बोटभर खाली बसलं आणि त्यातून एक आवाज निघाला. दमलेलं माणूस खाली बसताना सोडतं, तसा सुस्कारा.

मी पाय मागे घेतला.

ती आलेली नव्हती. सकाळी आली ती धाकटी. तिचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून उलट्या बाजूने आमच्याकडे आला असणार. डोळ्यांना दिसत असतं तर कुणी फसलं नसतं. आम्ही डोळे मिटून स्वागत केलं होतं, आणि जिचं केलं ती वरच बसली होती, सगळ्या वादळाचं बर्फ मांडीवर घेऊन.

तिथे किती वेळ उभी होते सांगता येत नाही. गोंपा पलीकडे, हाकेच्या अंतरावर. घळ रुंद असली तरी शेतापेक्षा मोठी नाही. जाऊन आलेही असते, कोण जाणे. कंबर दुखत होती, आणि मनात असं आलं की आता इथेच बसावं, कुणीतरी येऊन काय ते ठरवावं.

आला तो अंगरूप. माझ्या पावलांतून पावलं टाकत, पाठीवर धुपाच्या फांद्यांची जुडी. आईच्या नावाने गोंपात जाळायची म्हणून.

"थांबलीस का, अचे?"

"ती आलेली नाही."

"कोण?"

"थोरली."

तो हसला. थकलेल्या माणसाचं हसू, ओठ फक्त बाजूला झाले. "सगळ्या गावाने ऐकलं. पीठ टाकलं. तू पण टाकलंस."

"टाकलं. काठी घालून बघ."

त्याने माझी काठी घेतली, रोवली, ओढली, पुन्हा रोवली. "वरून ताजं पडलंय."

"सकाळपासून? एवढं? आत्ता सकाळच चालू आहे, अंगरूप."

"वाऱ्याने आणून भरलं असेल. घळीत भरतंच."

"भरलं असेल," मी म्हटलं. "खाली कुठेतरी टणक लागायला हवं होतं."

त्याने काठी माझ्या हातात परत दिली. मग म्हणाला, "किल्ली दे. मी जातो. तू वय झालेली बाई, तू नको. मी झटकन जाईन."

"कमरेएवढ्या बर्फातून झटकन कोण गेलंय?"

"रांगत जाईन. तुला काय करायचंय? लोणी आणि किल्ली दे आणि घरी जा."

"नाही देत."

"पाळी तुझी आहे म्हणून दिवा तुझ्या एकटीचा नाही."

"नाही. पण किल्ली माझ्याकडे आहे."

माझा आवाज चढत नाही, लहानपणापासूनच चढत नाही. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण कळलं. त्याने हात पुढे केला. तळवा वर करून, आणि तसाच ठेवला. तो माझ्यापेक्षा दीडपट आहे. कमरपट्ट्यातून किल्ली ओढून घेतली असती तर मी काय करणार होते? मी वाटेच्या मधोमध उभी राहिले, एवढंच केलं. त्याच्या तळव्यावर बर्फ साचत गेलं. आधी रेघा दिसेनाशा झाल्या, मग बोटांच्या मधल्या जागा भरल्या. आम्ही दोघं तिकडेच बघत होतो.

"आईला काही झालं तर..." तो म्हणाला. हात उलटा केला, बर्फ खाली पडलं. धुपाची जुडी त्याने मणी-दगडांवर ठेवली आणि आल्या पावलांनी परत गेला.

परतीच्या वाटेवर मी त्याच्याच पावलांतून चालले.

छोडोन आमच्याच शेगडीपाशी येऊन बसली होती. माझ्या पट्ट्या सोडायच्या आधीच तिने सुरुवात केली.

"पाहुणीचं स्वागत झालं, पीठ उधळून झालं, आता वहिनी म्हणते पाहुणी आलीच नाही."

"काठी आत गेली, छोडोन."

"काठी. आजवर गावात कान होते, आता काठी आली." ती शेगडीत लाकूड सारत म्हणाली, "इतके नियम पाळतेस, सकाळपासून तोंड बांधून बसतेस, आणि एक दिवा सांभाळवेना. आमचं घर असतं तर अंगरूप पोटावर सरपटत गेला असता."

"म्हणूनच दिली नाही."

"दे ना मग मला. मी जाते. माझी सासू आहे."

"तुलाही नाही."

छोडोनला मी पहिल्यांदाच अशी बघत होते. हातातलं लाकूड तिने परत ढिगावर टाकलं. ती उठली, दारापाशी गेली आणि म्हणाली, "सकाळी मोबाइल जरा वेळ जिवंत झाला होता, सरकारचा इशारा आला. घराबाहेर पडू नका, हिमस्खलनाचा धोका आहे. धाब्यावर फावडं घेऊन उभी होते तेव्हा वाचला. तू आणि सरकार, दोघंच शहाणे."

ती गेल्यावर फुनचोगने मला वाटीभर गरम शेवयांचा थुकपा दिला.  मग म्हणाला, "त्याच्या जागी मी असतो तर मलाही दिली नसतीस?"

"तुला गुडघा आहे."

"गुडघा नसता तर?"

"गुडघा नसता तर पाळीचा माणूस तूच होतास. मी काठावर असते आणि तू घळीत," मी म्हटलं. आणि मग मला रडू आलं, कारण ते खरं होतं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने आपला गुडघा चोळत राहिला.

त्या संध्याकाळी दिवा विझला असणार. गोंपाची खिडकी धुक्यात दिसत नव्हतीच. मी देव्हाऱ्यातल्या वाट्यांतलं पाणी ओतलं, वाट्या पुसून पालथ्या घातल्या, रोजच्यासारखं. दुसऱ्या दिवशी उठून दिव्याचा गोळा काढला. फुनचोगने विचारलं, "आता कशाला?" मी म्हटलं, "नियम गोळा काढायचा आहे." फळीवर जागा उरली नव्हती, म्हणून मी गोळ्यांवर गोळे रचले.

अबी झंगमोने मला बोलावणं पाठवलं. मला वाटलं, आता म्हातारीचं ऐकून घ्यायचं. मी तिच्या उशाशी बसले. अंगरूप खोलीतच होता, भिंतीला टेकून लोकर कातत. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. अबीचा चेहरा सुकवलेल्या जर्दाळूएवढा झाला होता, डोळे मात्र तसेच.

"विझला का ग?"

"विझला असेल, अबी."

"असेल नाही, विझलाच. तो काय माझ्यासाठी थांबणार आहे?" ती थोडा वेळ नुसती श्वास घेत राहिली. "हा येडा दोन दिवस जेवला नाही. म्हणतो, दिवा गेला तर आई जाईल. मी म्हटलं, मेल्या, मी इतकी वर्षं जगले ती काय लोण्यावर?"

"आई, झोप तू," अंगरूप म्हणाला.

"झोपायचंच आहे. आधी बोलू दे." तिने माझा हात शोधला. "माझी सासू गेली त्या हिवाळ्यात दिवा भडकून जळत होता. माझा थोरला गेला तेव्हाही. मग ते कुणाच्या नावाने लावायचं? सांग."

 मी आयुष्यभर दिवा लावत आले आहे, आणि तो काय करतो हे कुणी विचारलं तर अजूनही मला सांगता येणार नाही. लावायचा असतो म्हणून लावते.

"किल्ली आहे ना तुझ्याजवळ?" तिने विचारलं.

"आहे."

"राहू दे तिथेच. मी मेले तर हा रात्री भुतासारखा उठून निघेल, आईला वाट दाखवायला दिवा लावतो म्हणून. माझं पोर आहे, मला माहीत आहे. मला वाट सापडेल." मग ती अंगरूपकडे वळून म्हणाली, "आणि तू टकळी नीट धर. सूत कसलं काततोस, दोर वळतोयस."

अंगरूप उठून बाहेर गेला. धाब्यावर त्याच्या फावड्याचा आवाज सुरू झाला. तिथे लोटण्यासारखं बर्फ तेव्हा नव्हतं.

त्यानंतर वादळ दम घेत घेत चालू राहिलं. अर्धा दिवस थांबायचं, गाव बाहेर येऊन वाटा खणायचं, की पुन्हा सुरू. थोरली काही आली नाही. रोज सकाळी लोक घळीकडे कान लावत, आणि ऐकू येई ती फक्त फावडी. हळूहळू बोलणी सुरू झाली. विहिरीवर माझ्या पुढच्या बाया मागे वळून बघायच्या नाहीत. एकदा कुणीतरी म्हणालं, "आता तर उगाच विझला म्हणायचा." मी घागर भरली आणि आले. उत्तर द्यायलाही ताकद लागते.

अबी झंगमो एका दुपारी गेली. छोडोन तिला सातूची पेज भरवत होती. तिने तोंड मिटून घेतलं ते उघडलंच नाही. आमच्या घरातून फुनचोग लाकडं घेऊन गेला, प्रत्येक घरातून कुणी ना कुणी लाकडं घेऊन आलं. नदीपर्यंतची वाट एकाच माणसापुरती खणली होती. चौघांनी उचलून न्यावं एवढी जागाच नव्हती, म्हणून अंगरूपने आईला पाठीवर घेतलं. लहान मुलाला बांधतात तसं कापडाने बांधून. मी मागून चालले होते. दोन्ही बाजूंना खांद्याएवढ्या बर्फाच्या भिंती, आणि मध्ये तो, वाकलेला, एकेक पाऊल रोवत. वाटेत तो एकदा थांबला. मला वाटलं दमला असेल. तो फक्त तिला पाठीवर नीट सरकवून घेत होता.

चितेपाशी छोडोन माझ्याजवळ आली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "झालं ना. दिवा विझला आणि माणूस गेलं. मी काही बोलत नाही." आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिला धरलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर आभाळ उघडलं. असं निळं की डोळे दुखावेत. सगळं गाव धाब्यांवर होतं, कुणी बर्फ लोटत होतं, कुणी नुसतं उन्हात पाय पसरून. दुपारच्या सुमाराला डोंगराच्या माथ्याखाली एक रेघ दिसली. सुईने ओढावी तशी बारीक. मग रेघेखालचा डोंगर हलला. आवाज नंतर आला. आधी नुसतं दिसलं: तो सगळा पांढरा उतार जागच्या जागी ढिला पडला, घडी मोडल्यासारखा, आणि घळीत उतरला. मणी-दगडांची रास, झेंडे, वाट, सगळं बर्फाच्या धुराने भरलं. वारा आमच्या तोंडावर येऊन आपटला, थंड आणि बारीक बर्फाने भरलेला. धूर खाली बसला तेव्हा गोंपा तसाच होता, खडकाला चिकटून. वाट नव्हती.

या वेळी कुणी हाक दिली नाही. सगळे बघतच होते. बऱ्याच वेळाने छोडोन आपल्या धाब्यावरून म्हणाली, "आली. कार्य उरकल्यावर."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तरी त्या दिवशी नव्हती आली, वहिनी. तो चारदा जाऊन आला असता."

"असता," मी म्हटलं.

अंगरूप फावड्यावर हनुवटी टेकून घळीकडे बघत होता.  पीठ उधळायचं सगळे विसरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सगळे गोळे बांधून निघाले. काठी घळीत ठणठणत होती. ढेकळांवरून चढत उतरत पलीकडे गेले, गोंपाच्या दारासमोरचं बर्फ हाताने उकरलं, किल्ली फिरवली. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. उत्तरेच्या खिडकीची एक फळी वाऱ्याने सरकली होती, बोटभर फट पडली होती. त्या फटीतून बर्फाचा भुगा आत आला होता. एक बारीक, लांब रेघ, खिडकीपासून थेट दिव्यापर्यंत.

दिवा बर्फाने झाकला होता. मी फुंकर घातली, मग बोटांनी बाजूला केलं. खाली लोणी होतं. कडेने जरासं वितळून पुन्हा घट्ट झालेलं, बाकी सगळं जवळजवळ भरलेलं. वात काळी होती आणि आखूड झालेली नव्हती.

मी तिथे खाली बसले. ज्या रात्री वारा सुटला त्याच रात्री तो विझला असणार. मी काठावर काठी रोवत होते, अंगरूप तळव्यावर बर्फ घेऊन उभा होता, छोडोन बोलत होती, मी गोळ्यांवर गोळे रचत होते, तेव्हा इथे केव्हाच अंधार होता. ज्याच्यासाठी घळ ओलांडायची होती तो दिवा नव्हताच.

फळी सरळ केली, फटीत चिंध्या कोंबल्या, दिवा पुसला, नवी वात घातली आणि लावला. अबीचं नाव घेतलं. धूप नव्हता, जुडी थोरलीने नेली होती.

घरी येऊन फुनचोगला सांगितलं. तो म्हणाला, "जा, छोडोनला सांगून ये. गाव गप्प होईल."

"गप्पच आहेत आता."

"निदान अंगरूपला सांग."

"तो विचारेल तेव्हा."

"तो बोलतच नाही तुझ्याशी. विचारेल कसा?"

ते खरं होतं. पण मी पायऱ्या चढून त्याच्या दारात उभी राहून हे सांगायचं, म्हणजे बघ, माझी चूक नव्हती असंच ऐकू गेलं असतं. ज्याची आई गेली आहे त्याला ते ऐकवायला मला जमलं नाही. आणि त्या दिवशी काठावर मला तरी कुठे माहीत होतं? दिवा विझलाय म्हणून नाही, जळता आहे असं समजून, तो विझेल हे माहीत असून मी किल्ली अडवून धरली होती. ते तसंच राहिलं.

पेरणी जवळ आली. शेतांतलं बर्फ लवकर वितळावं म्हणून आम्ही बाया त्यावर काळी माती आणि राख उधळत होतो. पाठी मोडतात त्या कामात. अंगरूप बांधावरून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. पुढची पाळी त्याच्या घराची होती. किल्ली न्यायला त्याला यावंच लागणार होतं.

मी हात पुसले, कमरपट्ट्यातून किल्ली काढली. त्याने तळवा पुढे केला. मी किल्ली ठेवली.

तो गेला नाही. किल्ली उलटीपालटी करत म्हणाला, "अचे, दिव्यात किती उरलं होतं?"

"जवळजवळ सगळं."

 मी फटीचं सांगितलं, बर्फाच्या रेघेचं सांगितलं, एवढंच. माझ्या बाजूचं काही घातलं नाही. तो शेताच्या कडेला खाली बसला. मीही बसले, पाय दुखत होते.

"म्हणजे मी गेलो असतो," तो म्हणाला.

"हो."

"आणि विझलेल्यापर्यंत पोचलो असतो."

"पोचला असतास, कदाचित. लावूनही आला असतास."

तो बराच वेळ बोटांनी माती चिवडत राहिला. मग उठला आणि किल्ली कमरेला खोचली. ती पोटाला टोचली तसा त्याने चेहरा वाकडा केला.

"निजताना टोचते," मी म्हटलं. "सवय होते."

"छोडोन म्हणते ती सांभाळेल."

"तिला काठी देऊ नकोस. त्यावरही बोलेल."

आई गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला. शेताच्या दुसऱ्या टोकाकडून छोडोनची हाक आली, "वहिनी, माती उधळताय की पाहुणचार चाललाय?" मी परडी उचलली. अंगरूप बांधापर्यंत गेला आणि परत वळला.

"तुझी काठी," तो म्हणाला, "हिवाळ्यात लागेल मला."

"घरी आहे. दारामागे."

तो आमच्या घराकडे वळला. मी खाली वाकून पुन्हा माती उधळायला लागले.